नांदेडात घर घेताय? आधी पैठणच्या पाण्याचं ऐका

मी चिपळूणची. २००३ साली नोकरीसाठी नांदेडला आले, तेव्हा घरच्यांनी बजावलं होतं की दुष्काळी मुलूख आहे, पाणी जपून वापर. पुराचं कुणाच्या मनातही आलं नाही. मला ठाऊक असलेला पूर वाशिष्ठीचा, धो-धो पावसातला. त्यामुळे २००६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीकाठच्या नावघाटाजवळच्या भाड्याच्या खोलीवर मालकीणबाई येऊन म्हणाल्या, "ताई, पैठणचं पाणी सुटलंय, सामान माडीवर घ्या," तेव्हा मी आभाळाकडे बघितलं. नुसती भुरभुर होती. मी निम्मं सामान खालीच ठेवलं आणि ते सगळं गेलं.

बदली होऊन किंवा कामधंद्यासाठी इकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते: नांदेडचा पूर आपल्या डोक्यावर न पडलेल्या पावसाचा असतो. नाशिक आणि अहिल्यानगरकडे पाऊस झाला की तिथली धरणं भरतात आणि पाणी पैठणच्या जायकवाडी धरणात येतं. जायकवाडी भरली की दरवाजे उघडतात. वाटेत माजलगाव धरणाचं पाणी सिंदफणेतून मिळतं, येलदरी-सिद्धेश्वरचं पूर्णेतून. हे सगळं नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाला येऊन थडकतं आणि तिथले दरवाजे उघडले की शहराच्या कडेने गोदावरी चढायला लागते. जुन्या पुलाजवळ ३५१ मीटर ही इशारा पातळी आणि ३५४ मीटर ही धोक्याची. पावसाळ्यात बातम्यांत हे आकडे येतात तेव्हा कान द्या. २०२५ च्या सप्टेंबरअखेर जायकवाडीतून दोन लाख क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला दोन लाख घनफुटांच्या, वर पाणी सोडलं, तेव्हा ज्यांनी पैठणची बातमी ऐकून हालचाल केली त्यांना सामान हलवायला वेळ मिळाला.

नाल्याचा किंवा छोट्या नदीचा पूर मात्र असा वेळ देत नाही. बीडला १९८९ च्या जुलैमध्ये बिंदुसरा नदीने शहरात जो हाहाकार केला, त्याची आठवण तिथल्या जुन्या माणसांना अजून आहे. मुखेड तालुक्यात ऑगस्ट २०२५ मध्ये हसनाळ, रावणगावला लोक झोपेत असताना पाणी शिरलं. शहरातही गोदावरी फुगली की नाल्यांचं पाणी नदीत उतरत नाही, उलट गटारातून घरात येतं. म्हणून नदीपासून लांब आहोत एवढ्यावर विसंबू नका. घर बघायला गेलात की नाला कुठून वाहतो, प्लॉट लवणात, म्हणजे सखल जागी, आहे का, भराव टाकून उंच केलाय का, हे विचारा. बिल्डरला नाही, शेजारच्या जुन्या घरातल्या आजीला विचारा. २००६ ला पाणी कुठवर आलं होतं ते ती भिंतीवर हात ठेवून दाखवते.

कागदावर बघायचं ते पूररेषेचं. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात. २५ वर्षांतून एकदा ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. पण हिशेब करून बघा: दर वर्षी चार टक्के शक्यता धरली, तर २० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. लाल रेषेवरच्या घरालाही ती १८ टक्क्यांच्या आसपास आहे. महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर घेऊन जा आणि नकाशा बघितल्याशिवाय इसार देऊ नका. गुंठेवारीतल्या, म्हणजे शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने तोडून विकलेल्या प्लॉटला तर हे दुप्पट काळजीने करा.

आता विमा. मी घर घेतलं तेव्हा बँकेने कर्जासोबत एका पॉलिसीवर सही घेतली आणि मी वर्षानुवर्षं समजत होते की घराचा विमा आहे. तो माझ्या जिवाचा होता, मी गेले तर कर्ज फिटावं म्हणून. घराला काहीच नव्हतं. तुमच्या कर्जाच्या फायलीतला तो कागद आजच काढून वाचा.

१ एप्रिल २०२१ पासून घराच्या विम्याची एक ठरावीक पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवावी लागते: भारत गृह रक्षा. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणं हे तिच्या मूळ संरक्षणातच आहे. विम्याची रक्कम जागेच्या भावावर नव्हे, बांधकामाच्या खर्चावर ठरते. समजा ९०० चौरस फूट चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) आहे आणि बांधायला फुटाला २,००० रुपये लागतात, तर १८ लाख. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं संरक्षण यादी न देता आपोआप मिळतं. इथे ३ लाख ६० हजार. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याचीही तरतूद आहे. पॉलिसी १० वर्षांपर्यंत एकदम काढता येते.

काय मिळत नाही तेही आपल्या भागाच्या हिशेबाने वाचा. काळ्या मातीत पाया फुगतो-आकसतो, नव्या घराला भेगा जातात. घर नेहमीसारखं जमिनीत बसताना पडलेल्या भेगा, भराव खचणं आणि नदीने काठ कापून नेणं यांची भरपाई नाही. लाकूड, बांबू, गवत, ताडपत्रीच्या कच्च्या बांधकामाला ही पॉलिसी लागू नाही. गावाकडे आई-वडिलांचं माळदाचं, म्हणजे लाकूड-मातीच्या छताचं, घर असेल तर कंपनीला बांधकाम जसं आहे तसं सांगा आणि चालतं की नाही ते लेखी घ्या. जून लागायच्या आत हे उरका. पाणी दारात आल्यावर काढलेल्या पॉलिसीतून ते नुकसान निघत नाही.

सरकार देईलच, असं म्हणणाऱ्यांसाठी आकडे सांगते. २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निधीच्या निकषांनुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, निदान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, आणि कपड्यांना २,५०० व भांड्यांना २,५००. राज्य सरकार कधीमधी भर घालतं. तलाठ्याकडून पंचनामा जरूर करून घ्या, विम्याच्या दाव्यातही तो उपयोगी पडतो. पण एवढ्यात घर उभं राहत नाही.

सप्टेंबर २०२४ च्या पावसात माझ्या तळमजल्यात गुडघाभर पाणी आलं. तोवर मी पॉलिसी घेतली होती. घाण वासाने जीव नकोसा झाला म्हणून विमा कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर यायच्या आधीच मी गाद्या आणि फुगलेलं कपाट घंटागाडीत टाकून दिलं. फोटो नव्हता, बिल नव्हतं, ते धरलं गेलं नाही. बाकीचे पैसे मिळाले. तुम्ही असं करू नका. पाणी दिसताच मीटरचा मेन स्विच बंद करा, माणसं वर न्या, आणि ओसरल्यावर भिंतीवरची पाण्याची खूण पुसायच्या आत प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्या. कंपनीला त्याच दिवशी कळवून दाव्याचा नंबर लिहून ठेवा. बुडालेली मोटारसायकल किंवा गाडी चालू करून बघू नका, इंजिनात पाणी जाऊन गाडीच्या विम्याच्या दाव्यावरून वाद होतो.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जा, तिथे पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. आणि १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. धरणाचे दरवाजे किती उघडले ते रात्रीसुद्धा विचारता येतं. मी विचारते.