पावसाळ्यात मायका टेपचं पाकीट लगेच फोडू नका
पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात ६.६ केव्हीची (६,६०० व्होल्टची) मोटर रिवाइंडिंगला घेतली असेल आणि रेझिन भरलेली मायका टेप (कॉइलवर गुंडाळायची अभ्रकाची विद्युतरोधक पट्टी) फ्रीजमध्ये ठेवली असेल, तर आदल्या रात्रीच ती बाहेर काढून ठेवा. पण पाकीट बंदच राहू द्या. जुलैतल्या पुण्याच्या दमट हवेत गार रोल उघडला की त्यावर दव धरतं. तो ओलावा थरांमध्ये अडकतो आणि कॉइल भट्टीत तापली की वाफ होऊन पोकळ्या सोडतो. अशा पोकळ्यांतच पुढे अंशतः विद्युतविसर्जन (बारीक ठिणग्या उडणं) सुरू होतं. अभ्रक ते वर्षानुवर्षं सोसतं. त्याला धरून ठेवणारं रेझिन मात्र हळूहळू खंगतं. म्हणून मला टेपच्या किमतीपेक्षा तिची साठवण महत्त्वाची वाटते.

टेप अर्ध्या ओव्हरलॅपने (प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्या रुंदीवर येईल अशी), एकसारख्या ताणात गुंडाळा. सुरकुती दिसली तर तेवढा भाग उलगडून पुन्हा बांधाच, विशेषतः स्लॉटमधून (मोटरच्या गाभ्यातल्या खाचेतून) कॉइल वळते तिथे.

काम झाल्यावर मेगरचं (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राचं) एका मिनिटाचं रीडिंग घेऊन थांबू नका. १० मिनिटांच्या रीडिंगला १ मिनिटाच्या रीडिंगने भागा. एफ क्लासच्या इन्सुलेशनला (एफ ही उष्णता सोसण्याची एक श्रेणी) उत्तर किमान २ यायला हवं. एका मिनिटालाच ५,००० मेगओहमच्या वर आकडा असेल, तर या गुणोत्तरावर फार विसंबू नका. चाचणीनंतर वाइंडिंग किमान ४० मिनिटं अर्थिंगला (जमिनीला) जोडून ठेवा, मगच हात लावा.