पद्मिनीच्या सीटवरील रेक्झिनच्या सुरकुत्या: माझा अनुभव
कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीच्या पुढच्या सीटला नवे तयार रेक्झिन कव्हर चढवले, तरी बैठकीच्या खोलगट भागात सुरकुत्या राहत होत्या. कडा जोराने ओढल्या तर पाइपिंग (शिवणीवरची गोल किनार) वाकडे होई. गरम हवा दिली तर सुरकुत्या दुसऱ्या दिवशी परत येत. जीव अगदी मेटाकुटीला आला होता. खरे कारण दबलेल्या जुन्या फोममध्ये होते. म्हणून आधी स्प्रिंगांवर गोणपाट पसरून नवा फोम बसवला. मग कव्हर उन्हात तापवून मऊ केले, जुन्या कव्हरच्या आतल्या पट्टीतील तार नव्याच्या पट्टीत ओवली आणि ती मधल्या शिलाईपाशी फोमखालच्या स्प्रिंगला कड्यांनी (रिंगांनी) आवळली. त्यानंतरच पुढची व मागची कड मध्यापासून बाहेरच्या दिशेने ताणली आणि कोपरे सर्वांत शेवटी ओढले. मधली तार सैल राहिल्यास कडा कितीही ताणल्या तरी रेक्झिन खोलगट भागात बसत नाही.