टूरवर क्रू म्हणून पहिल्यांदा निघताय? नाशिकच्या पोरांसाठी थोडं कामाचं

आपल्याकडची बरीच पोरं गणपती, नवरात्र, लग्नाचे साऊंड करता करता या लाईनीत येतात, आणि मग कधीतरी एखाद्या गायकाच्या टूरला क्रू म्हणून फोन येतो. काम तेच वाटतं, पण लग्न उरकून रात्री घरी येता येतं, टूरवर आज पुणे, परवा संभाजीनगर, मग लगेच नागपूर, आणि सामान तेच, म्हणजे आज पॅकअप जसा कराल तसाच पुढच्या गावाचा सेटअप होणार. म्हणून मी नवीन पोराला शोमध्ये बघत नाही, शो संपल्यावर बघतो. ओपन एअरला रात्री १० ला आवाज बंद होतो (परवानगीचे मोजके दिवस सोडले तर), पब्लिक जेवायला जातं आणि आपलं खरं काम तिथून सुरू होतं.

पहिलं म्हणजे केबल गुंडाळायला शिका. कोपरावर गुंडाळायची सवय असेल तर मोडा, त्याने आतल्या तारांना पीळ बसतो आणि मग ऐन साऊंडचेकला (शोआधी आवाज तपासतात तेव्हा) माईक खरखरतो. ओव्हर-अंडर करायचं, म्हणजे एक वेढा नेहमीसारखा घ्यायचा आणि पुढचा मनगट आत वळवून उलटा, परत एक सरळ, परत एक उलटा. असं केलं की दुसऱ्या दिवशी टोक धरून फेकली तरी केबल गाठ न पडता सरळ जाते. हे घरी टीव्ही बघताना पण जमतं, हात बसला पाहिजे. थंडीत गंगापूर धरणाच्या बाजूला शो असला की दव एवढं पडतं की केबल ओली होते, ती फडक्याने पुसतच गुंडाळा, आणि कन्सोलवर (मिक्सरवर) प्लास्टिक शो संपल्या संपल्या टाका, जेवण झाल्यावर नाही.

गाडी भरताना जड केसेस (सामानाच्या पेट्या) केबिनला चिकटवून, मध्ये फट नको, मग बेल्ट. मुंबईला जाताना कसारा घाट उतारच आहे, ब्रेक लागला की सगळा माल पुढे येतो, आणि फट असेल तर केसेस एकमेकींवर आदळतात. ड्रायव्हरदादांना दिवसभर लोडिंगला लावू नका प्लीज, त्यांना झोपू द्या. रात्री इगतपुरीच्या धुक्यात तुम्ही सगळे मागे झोपलेले असणार आणि जागा तो एकटाच.

लाईटचं, म्हणजे करंटचं, सगळ्यात महत्त्वाचं. जनसेट (जनरेटर) चालू झाला की काहीही प्लग करायच्या आधी मल्टिमीटर लावा, फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं, न्यूट्रल-अर्थिंग एक-दोन व्होल्टच्या वर दिसलं तर जनसेटवाल्या काकांना बोलवा, लाजू नका. न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं आणि ॲम्प (स्पीकर चालवणारे ॲम्प्लिफायर) जातात. ट्रसला (लाईट-स्पीकर टांगायच्या धातूच्या सांगाड्याला) आणि स्टेजला अर्थिंग आहे का तेही स्वतः बघा, कारण त्या माईकला कोणीतरी ओठ लावणार आहे. ॲम्प सगळ्यात शेवटी चालू करायचे आणि सगळ्यात आधी बंद.

कानांची काळजी घ्या. ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं, आणि स्टेजच्या बाजूला १०० सहज होतं. इअरप्लग खिशातच ठेवा. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही आणि आपलं पोट त्याच्यावरच आहे.

झोप मिळेल तिथे घ्या, साऊंडचेक आणि शोच्या मध्ये अर्धा तास मिळाला तर रिकाम्या केसवर आडवं व्हा, रील बघत बसू नका. बॅगेत टॉर्च, हातमोजे, जाड तळाचे बूट आणि दोन जोडी जास्तीचे मोजे.

आणि पैशाचं निघायच्या आधी बोलून घ्या, संकोच करू नका. रोजचा रेट किती, प्रवासाचा दिवस धरणार की नाही, जेवणाचा भत्ता वेगळा का त्यातच, शो कॅन्सल झाला तर काय, आणि पेमेंट किती दिवसांत. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि समोरच्याचा ‘ओके’ आल्यावरच बॅग भरा.