विज्ञानाचा इतिहास शिकायला येताय? आधी फ्लॉजिस्टनच्या बाजूने भांडून बघा

बीएस्सी फिजिक्स करून मी विज्ञानाच्या इतिहासाकडे वळलो तेव्हा वाटलेलं, सोपंय, कोणी काय शोधलं आणि कधी शोधलं हे पाठ करायचं, झालं. पहिल्याच असाइनमेंटमध्ये ठोकून दिलं की इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टलीला 1774 मध्ये ऑक्सिजन मिळाला पण बिचाऱ्याला तो ओळखताच आला नाही. सरांनी शेजारी पेन्सिलने एवढंच लिहिलं, "तू ओळखला असतास?"

मग प्रीस्टली ज्यावर विश्वास ठेवायचा ते फ्लॉजिस्टन वाचत बसलो. जळणाऱ्या वस्तूत हे काहीतरी असतं आणि जळताना ते बाहेर पडतं अशी ती थिअरी, आणि खरं सांगतो, बरंच काही जमून येतं त्यात. बंद भांड्यात मेणबत्ती का विझते? आतल्या हवेत आणखी फ्लॉजिस्टन मावत नाही म्हणून. कोळशासोबत तापवल्यावर खनिजातून धातू का निघतो? कोळसा त्याला फ्लॉजिस्टन देतो. घोडं अडतं ते वजनापाशी, धातू हवेत तापवून उरलेलं भस्म मूळ धातूपेक्षा जड भरतं, मग बाहेर गेलं ते काय? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने तराजू घेऊन हेच लावून धरलं. पण त्यालाही लगेच डोक्यावर घेऊ नका, 1789 च्या त्याच्या मूलद्रव्यांच्या यादीत 33 नावं आहेत आणि त्यात प्रकाश आणि उष्णतासुद्धा आहेत!

तर सांगायचं काय, सायन्स सोडू नका, गणित येत असेल तर ते इथे कामाला येतं, आणि जमेल तिथे मूळ लेख वाचा, फ्रेंच किंवा जर्मन थोडं तरी शिका. मी एक वही ठेवलीये, एका पानावर एक वर्ष, त्या वर्षी लोकांना जे माहीत होतं तेवढंच लिहायचं. नंतरचं आपोआप घुसतं, फार चिडचिड होते.

सरावाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए घ्या. युरेनसची कक्षा हिशोबात बसेना म्हणून त्याने न दिसलेला ग्रह मांडला आणि 1846 मध्ये नेपच्यून सापडला. बुधाचंही गणित चुकत होतं, तिथेही त्याने ग्रहच मांडला, व्हल्कन. लोकांनी कित्येक वर्षं शोधला, पण तो नव्हताच, 1915 मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणच नव्याने मांडलं तेव्हा कुठे हिशोब जुळला. आता तुम्ही 1860 मध्ये आहात असं समजून व्हल्कनच्या बाजूने एक पान लिहा. मी तीनदा फाडलं.