ड्रॉपडाउन मेन्यू स्क्रीनबाहेर जातोय?

ड्रॉपडाउन भलतीकडेच उघडत असेल तर ज्या आयटममध्ये तो आहे, त्याला सीएसएसमध्ये (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) ‘पोझिशन: रिलेटिव्ह’ दिलंय का ते आधी पाहा. नसेल, तर आतली ‘पोझिशन: अ‍ॅब्सोल्यूट’ यादी वरच्या दुसऱ्याच कुठल्यातरी घटकाचा आधार घेते. यादीला ‘टॉप’ १०० टक्के द्या, म्हणजे मेन्यूची उंची बदलली तरी पिक्सेल पुन्हा मोजावे लागत नाहीत. अगदी उजवीकडच्या मेन्यूला मात्र ‘लेफ्ट: ऑटो’ आणि ‘राइट: ०’ हवंच, नाहीतर यादी बाहेर जाते आणि पान आडवं सरकू लागतं. (हे लपवायला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ लावू नका, यादीच कापली जाईल.) मोबाइलसाठी मीडिया क्वेरीत (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणाऱ्या नियमांत) यादीची पोझिशन ‘स्टॅटिक’ करा, म्हणजे यादी खालचा मजकूर ढकलत उघडेल. तिथे उघडझाप क्लिकवरच ठेवा. टचस्क्रीनवर होव्हरचा (माउस नुसता वर नेऊन उघडण्याचा) भरवसा नसतो.