रॉड खराब का व्होल्टेज कमी?

जिंतूरला माझं मोटार भरायचं दुकान आहे, पण थंडी पडली की पाणी तापवायचे रॉडच जास्त येतात. 'दादा, पाणीच तापंना.' नवा घ्यायच्या आधी हिशेब करा.

रॉड बादलीत बुडवून चालू करा. मल्टिमीटरनं व्होल्टेज बघा, टाँग टेस्टरनं, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा धरायच्या मीटरनं, करंट. टेस्टरच्या जबड्यात एकच वायर धरा, दोन्ही धरल्या तर आकडा शून्यच दिसणार. आणि चालू रॉडच्या पाण्यात बोट घालायचं नाही, हे सांगून सांगून थकलो.

समजा १८० व्होल्ट, ५.१ अँपिअर आले. भागा: १८० ÷ ५.१ = ३५.३ ओहम, हा रोध. गुणा: १८० × ५.१ = ९१८ वॅट, ही पॉवर. रॉडवर तर १५०० लिहिलंय! पण ते २३० व्होल्टला. २३० × २३० ÷ १५०० केलं तरी ३५.३ ओहमच येतात. म्हणजे रॉड ठणठणीत, व्होल्टेजच पडलंय. व्होल्टेज बावीस टक्के घटलं, तर पॉवर एकोणचाळीस टक्के जाते, कारण करंटही सोबत उतरतो.

विहिरीवरच्या मोटारीला हा हिशेब लावू नका. तिथं पॉवर फॅक्टर मधे येतो, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तरी तेवढे वॅट भरत नाहीत, आणि व्होल्टेज पडलं की तिचा करंट उलट वाढतो.