ग्रँड केमनच्या पाकटांना भेटायला जाण्यापूर्वी

फ्लोरिडाहून निघणाऱ्या पश्चिम कॅरिबियन क्रूझचा ग्रँड केमनचा थांबा जेमतेम सात-आठ तासांचा असतो, आणि बहुतेकांना तेवढ्या वेळात नॉर्थ साउंड या उथळ खाडीतल्या ‘स्टिंगरे सिटी’च्या वाळूच्या पट्ट्यावर जायचे असते. स्टिंगरे म्हणजे आपल्या कोकणातल्या कोळ्यांच्या बोलीतला पाकट. अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना घेऊन या सहलीला जाणारी मराठी कुटुंबे आता बरीच दिसतात. आम्हीही तसेच गेलो होतो. पुढची तयारी अशा कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली आहे.

पहिली गोष्ट तिकिटे काढण्यापूर्वीची आहे. केमन बेटे ब्रिटनच्या अखत्यारीत आहेत, त्यामुळे जहाज तिथे जाऊन परतले की अमेरिकेत पुन्हा प्रवेश करावा लागतो. आई-वडिलांचा अमेरिकन व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे पासपोर्ट उघडून स्वतः पाहावे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी आपल्या पासपोर्टावरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदतही तपासावी. मुदत संपली असल्यास वकिलाला विचारल्याशिवाय आरक्षण करू नये. केमनमध्ये उतरण्यासाठी काय लागते, हे क्रूझ कंपनीकडून लेखी मागून घ्यावे.

जॉर्ज टाउन या तिथल्या राजधानीच्या बंदरात मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज समुद्रातच नांगर टाकते आणि ‘टेंडर’ नावाच्या लहान बोटींतून प्रवाशांना किनाऱ्यावर नेले जाते. जहाजातून टेंडरमध्ये पाय टाकताना दोन्ही बोटी हलत असतात, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवीच घ्यावी आणि खलाशाचा हात संकोच न करता धरावा. हिवाळ्यात वायव्येचा जोरदार वारा सुटला की या किनाऱ्यावर उतरणे अवघड होते. मग कधी दक्षिण किनाऱ्यावरच्या ‘स्पॉट्स’ नावाच्या जागी उतरवतात, तर कधी थांबाच रद्द होतो. त्यामुळे सहल बाहेरच्या बोटवाल्याकडून घेतली असेल, तर जहाज न आल्यास पैसे परत मिळतील का, हे आधी विचारावे.

वेळेचा घोटाळा मात्र हमखास होतो. केमनमध्ये घड्याळ वर्षभर एकच चालते, फ्लोरिडात ते उन्हाळ्यात एक तास पुढे जाते, आणि जहाज आपली वेळ बदलेलच असे नाही. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. मनगटावर एक साधे घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून बांधावे आणि दिवसभर तेच प्रमाण मानावे.

सहल निवडताना बोटीवर किती माणसे घेतात आणि त्या दिवशी बंदरात किती जहाजे आहेत, हे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत. तिथले कोळी रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या, आतल्या शांत पाण्यात मासे साफ करत आणि टाकाऊ भाग तिथेच टाकत, म्हणून पाकट तिथे जमू लागले; १९८०च्या दशकात पाणबुडे त्यांना हाताने खाऊ घालू लागले आणि जागा प्रसिद्ध झाली. एरवी एकेकटा, रात्री भक्ष्य शोधणारा हा प्राणी इथे दिवसा आणि घोळक्याने वावरतो, असे संशोधकांना आढळले आहे. आपल्या येण्याने त्याचे आयुष्य इतके बदलले असेल, तर निदान कमी गर्दीची वेळ निवडणे आपल्या हातात आहे. त्याच बेटावर बंदिस्त डॉल्फिनसोबत पोहण्याचीही सहल विकली जाते. ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१३ साली भारत सरकारने डॉल्फिनेरियमला परवानगी नाकारली, ती विनाकारण नव्हे.

कपड्यांकडे मी सर्वाधिक लक्ष देते. पाकटाच्या अंगावर बुळबुळीत द्रवाचा संरक्षक थर असतो आणि आपल्या अंगावरचे जे काही घासते, ते त्या थराला लागते. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, लांब मंगळसूत्र हे सगळे जहाजाच्या तिजोरीत ठेवून निघावे. आईला मंगळसूत्र काढणे जड गेले, पण कारण सांगितल्यावर तिने आनंदाने काढले. साडी किंवा ओढणी पाण्यात पायांत गुंतते. लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा आणि घोट्यापर्यंतची तंग विजार घातली की ऊन लागत नाही आणि सनस्क्रीनही कमी लागते. उघड्या भागापुरते झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन जहाजावरच लावून ते त्वचेवर नीट बसू द्यावे, बोटीवर चोपडून लगेच पाण्यात उतरू नये. पट्ट्यावर पायांत काही घालण्यास मनाई आहे.

पिशवीत जहाजाचे ओळखपत्र, सरकारी छायाचित्र ओळखपत्र, कोरडे कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या, पाणी आणि दोरीचा जलरोधक मोबाइल पाऊच एवढे पुरे. अमेरिकन डॉलर सर्वत्र चालतात. एका डॉलरचे साधारण ८० केमन सेंट होतात. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. ताजी फळे जहाजावरून उतरवू देत नाहीत. सीलबंद बिस्किटे न्यावीत, कारण पाण्यातून बाहेर आल्यावर भूक कडकडून लागते.

पट्ट्यावर पाणी साधारण एक मीटर खोल असते, त्यामुळे पोहता न येणाऱ्यांनाही उभे राहता येते; लहान मुलांना मात्र लाइफ जॅकेट घालावेच. घरातल्या सर्वांना आदल्या रात्री एक गोष्ट करून दाखवावी: पाऊल उचलून टाकायचे नाही, वाळूवरून घसटत पुढे सरकवायचे. पाकटाचा काटा शेपटीवर असतो आणि अंगावर पाय पडला किंवा धोका वाटला तर तो स्वसंरक्षणासाठी वापरतो. शेपटीला हात लावू नये, त्याला पाण्याबाहेर उचलू नये. उचलण्यास तिथे कायद्याने बंदी आहे. काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी, छातीत किंवा पोटात रुतलेला काटा उपसू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. बोटीवर गरम पाण्याची सोय आहे का, हे चढतानाच विचारावे.

खाऊ घालायला स्क्विडचे, म्हणजे म्हाकुळाचे, तुकडे देतात. शाकाहारी माणसांनी ते हातात घेतलेच पाहिजेत असे नाही. आई नुसती उभी राहिली होती. सुमारे मीटरभर रुंदीची एक मादी तिच्या पोटरीला घासून गेली आणि वळून परत आली. डोळ्यांमागची दोन छिद्रे संथपणे उघडत-मिटत होती. आईने तळहात पाण्याखाली सपाट धरला आणि मादीची पांढरी खालची बाजू त्यावरून सरकली. “तेल-पाण्याच्या हाताने मळलेली मोदकांची उकड,” आई म्हणाली. त्यानंतर मी कुणालाही वर्णन करताना दुसरी उपमा दिलेली नाही.

परतताना काही बोटी स्टारफिश पॉइंटला थांबतात. तिथल्या केशरी तारामाशांना पाण्याबाहेर काढले की त्यांचा श्वास कोंडतो, त्यामुळे छायाचित्र हवे असेल तर मोबाइलचा पाऊच पाण्याखाली न्यावा. मुलांना हे बोटीवरच समजावून ठेवावे, कारण तारामासा दिसताच हात आपोआप पुढे जातो.

शेवटच्या टेंडरच्या निदान तासभर आधी धक्क्यावर पोहोचावे. तिथली रांग लांब असते आणि उन्हात उभे राहावे लागते. ज्येष्ठांसाठी घडीची छत्री आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली पिशवीच्या तळाशी न ठेवता बाहेरच्या कप्प्यात ठेवावी.